आधी अंथरूण, मग तंबू

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण तंबू घेताना शब्दशः पाळावी लागते. प्रत्यक्षात खरेदी उलट्या टोकाने होते. खोक्यावर '४ माणसांचा' असं छापलेलं असतं, घरात माणसं चार असतात, की व्यवहार झाला. मग पहिल्या रात्री एकाने कूस बदलली की उरलेल्या तिघांना बदलावी लागते, आणि कपड्यांच्या पिशव्या पुन्हा गाडीत जाऊन पडतात.

खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. तो फक्त झोपलेली शरीरं मोजतो. एकाला एक लागून, माणशी ५० ते ६० सेंमीची पट्टी, एवढाच त्याचा हिशोब. त्यात बूट नाहीत, पिशव्या नाहीत, रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याचा रस्ता नाही. म्हणून माणसं मोजून त्यात दोन मिळवावेत: दोघांना चारचा, चौघांना सहाचा. मात्र सहाजणांना आठ-दहाचा एकच महाल घेण्यापेक्षा चार-चारचे दोन तंबू घ्यावेत, असं मी म्हणेन. ते बहुतेक वेळा स्वस्त पडतात, वाऱ्यात जास्त टिकतात, आणि घोरणाऱ्याची वेगळी सोय होते.

आकड्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे घरच्या फरशीवर चिकटपट्टीने तळाचा चौकोन आखणे. लांबी-रुंदी खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतेच. त्या चौकोनात आपलं नेहमीचं अंथरूण टाकून बघायचं. क्वीन मापाची हवेची गादी साधारण १५२ बाय २०३ सेंमी असते. अशा दोन गाद्या शेजारी ठेवल्या तर ३०४ सेंमी होतात. म्हणजे ३०५ सेंमी रुंदीच्या तंबूत त्या कागदावर मावतात, पण दोन्ही बाजूंनी कापडाला घासूनच. आणि कापडाला टेकलेलं पांघरूण सकाळी ओलं मिळतं.

इथवर नुसता तळ झाला. ऐसपैसपणा खरा ठरतो तो भिंतींच्या कलावर. समजा तंबूची भिंत जमिनीशी ६० अंशांचा कोन करून आत झुकते आहे. फुगवलेली उंच गादी ४५ सेंमीची असेल, तर त्या उंचीवर भिंत प्रत्येक बाजूने २६ सेंमी आत आलेली असते. तळाला ३०० सेंमी असलेली रुंदी गादीच्या पातळीला २४८ सेंमीच उरते. बसल्यावर डोकं जिथे येतं, त्या ९० सेंमीवर तर दोन्हीकडून अर्धा-अर्धा मीटर गेलेला असतो. डोमची, म्हणजे घुमटाकार तंबूची, भिंत कमानीसारखी असते, त्यामुळे आकडे थोडे पुढेमागे होतील, पण दिशा हीच. डोमच्या तंबूत उंच गादीपेक्षा ५ ते १० सेंमी जाडीच्या चटईवजा गाद्या बऱ्या, त्याचं कारण हे आहे.

केबिन पद्धतीच्या तंबूत भिंती जवळपास सरळ उभ्या असतात. तळ तेवढाच असूनही तो दीडपट मोठा वाटतो, कडेला खुर्ची ठेवता येते, उभं राहून पँट चढवता येते. तंबूच्या उंचीचा खरा उपयोग पँट चढवण्यापुरताच असतो, पण चार दिवसांच्या मुक्कामात तो दिवसातून दोनदा आठवतो. मधोमध १८० सेंमी उंची असली की बहुतेकांचं काम भागतं. २१० सेंमीच्या हव्यासाची किंमत वारा वसूल करतो.

कशी, ते पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किमीच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो वजनाइतका असतो. ३ मीटर लांब आणि २ मीटर उंच अशी सरळ भिंत असेल तर ३६ किलो. तेवढं सोसतं. वारा दुप्पट झाला, ताशी ७२ किमी, की तीच भिंत दीडशे किलोच्या आसपास रेटा झेलते, आणि तो रेटा चार-सहा मेखा आणि काही कोपऱ्यांचे प्लॅस्टिकचे सांधे यांच्यावर येतो. डोमवरून वारा घसरून जातो. केबिनला तो समोरून येऊन धडकतो. ऐसपैसपणा आणि वाऱ्यात टिकणं ही दोन गिऱ्हाइकं एकाच दुकानात भांडतात, आणि स्वस्त तंबूत ते भांडण जास्त पेटतं, कारण तिथे खांब बारीक आणि तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, कमी असतात. झाडांच्या आडोशाला, निवांत ऋतूत मुक्काम असेल तर केबिन जरूर घ्यावा. मोकळं माळरान, डोंगराचा सडा किंवा समुद्रकाठ असेल तर डोम, किंवा दोहोंच्या मधला प्रकार: खाली उभ्या भिंती, वर डोमसारखे एकमेकांना छेदणारे खांब. कमी पैशांत हा मधला प्रकार मला सगळ्यांत शहाणा वाटतो.

पैसे नेमके कुठे खर्च होतात, हेही समजून घ्यायला हवं. पाठीवर वाहायच्या तंबूत माणूस मुख्यतः हलकेपणाचे पैसे मोजतो. पातळ पण मजबूत कापड, ॲल्युमिनियमचे खांब, काटेकोर शिवण, ग्रॅम वाचवण्यासाठी केलेली प्रत्येक करामत बिलात येते. गाडीने जाणाऱ्याला यातलं काही नको. १० किलोचा तंबू डिकीत ठेवला काय आणि ४ किलोचा ठेवला काय, गाडीला फरक पडत नाही. म्हणून जड तंबू खुशाल घ्यावा. जाड पॉलिएस्टर, जाड फायबरग्लास, रुंद नवारीचे पट्टे हे सगळं जड आणि स्वस्त असतं, आणि नेमकं तेच टिकाऊ असतं. गाडीवाल्याला मिळालेली ही मोठी सवलत आहे. ती सोडून लोक खोल्यांच्या पडद्यांना, दिव्याच्या तारेसाठी ठेवलेल्या भोकाला आणि छतातल्या चांदण्या बघायच्या खिडकीला भुलतात.

आता पाऊस. दुकानात 'वॉटरप्रूफ' या शब्दाला अर्थ नसतो, मिलिमीटरच्या आकड्याला असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेतात, आणि तीन ठिकाणी पाणी झिरपायला लागलं की त्या वेळची उंची लिहून घेतात. वरच्या आच्छादनाला, म्हणजे फ्लायला, १५०० मिमी असले तरी बहुतेक पावसांत ते पुरतात. २००० ते ३००० असतील तर निश्चिंती. सगळ्यांत स्वस्त तंबूंवर ६००-८०० असतात, किंवा आकडाच नसतो. आकडा नसेल तर तो छापण्यासारखा नव्हता असं समजावं.

तळाला मात्र जास्त लागतात, आणि त्याचं कारण म्हणजे आपले गुडघे. १ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचं वजन दर चौरस सेंटीमीटरला १०० ग्रॅम भरतं. एका गुडघ्यावर २० किलो भार आला आणि तो ५० चौरस सेंमीवर पसरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ४०० ग्रॅम. म्हणजे खालच्या चिखलातलं पाणी ४००० मिमीच्या स्तंभाच्या जोराने वर येऊ पाहतं. म्हणून तळाला ४००० हा किमान आकडा, ५००० असेल तर उत्तम. तळाचं कापड शिवणीशिवाय १०-१५ सेंमी वर चढून परातीच्या काठासारखं उभं राहत असेल तर आणखी चांगलं, कारण सगळ्यांत ओली जागा जमिनीला लागून असते आणि तिथे शिवण नसलेलीच बरी.

शिवणीची गोष्ट निराळी सांगायला हवी. यंत्राची शिवण दर सेंटीमीटरला तीन-चार भोकं पाडते. ३ मीटरच्या एका शिवणीत हजारभर भोकं होतात, आणि छपरावर अशा बऱ्याच शिवणी असतात. कापड ३००० मिमीचं असून शिवणी उघड्या असतील तर तो आकडा शोभेचा. फ्लाय उलटा करून आतून पाहावं. शिवणीवर पारदर्शक किंवा करडी पट्टी उष्णतेने चिकटवलेली दिसली पाहिजे, कोपऱ्यांतही. पट्टी नसेल तर सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवणारा लेप, विकत आणून घरी लावता येतो, पण कापडावरचं कोटिंग पाहून. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगवर पीयूचा, सिलिकॉनवर सिलिकॉनचाच. अदलाबदल केली तर तो सुकतो खरा, पण महिन्याभरात सालीसारखा निघून येतो.

आणखी एक गोष्ट फोटोत लपते, ती म्हणजे फ्लायची लांबी. स्वस्त केबिन तंबूंच्या डोक्यावर नुसती टोपी असते. छत जाळीचं, वर छोटासा फ्लाय आणि खिडक्या उघड्या. कोरड्या उन्हाळ्यात ही रचना छान गार राहते. पण पाऊस तिरका आला की तो खिडकीच्या चेनमधून थेट अंथरुणावर येतो. फ्लाय जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत चारही बाजूंनी खाली येतो का, एवढं तरी पाहावंच. माझ्या मते पैसे वाचवायच्या तंबूत ज्यावर तडजोड करू नये अशी हीच पहिली गोष्ट. खोल्या, उंची, खिसे, सगळं नंतर.

पण पूर्ण फ्लाय आला की दमटपणा आलाच. माणूस झोपेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला ३० मिलिलिटरच्या आसपास पाणी सोडत असतो. चौघेजण आठ तास झोपले तर जवळपास १ लिटर. हे लिटरभर पाणी कुठेतरी जायला हवं. हवेला वाट नसेल तर ते थंडगार फ्लायच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं आणि पहाटे कोणीतरी कापडाला धक्का देताच अंगावर पडतं. 'तंबू गळतो' अशा तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी या आपल्याच श्वासाच्या असतात. ओळखायची खूण सोपी आहे. गळती असेल तर ती एखाद्या शिवणीशी किंवा कोपऱ्याशी सुरू होते आणि तिथूनच ओघळ येतो. सगळीकडे सारखी, बारीक दवासारखी ओल असेल तर ती आतली. उपाय म्हणजे दोन झरोके, एक खाली आणि एक वर, कारण गरम दमट हवा वरून बाहेर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून कोरडी यावी लागते. पावसाच्या भीतीने सगळ्या खिडक्या घट्ट लावून झोपणारा माणूस सकाळी जास्त ओला उठतो.

कापडाबद्दल थोडक्यात. नायलॉन मजबूत असतं, पण पाणी पिऊन सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला फ्लाय मध्यरात्री पोट सोडतो आणि आतल्या कापडाला चिकटतो. पॉलिएस्टर ओलं झाल्यावर फारसं ताणत नाही आणि उन्हालाही जास्त दिवस दाद देत नाही. योगायोगाने स्वस्त तंबू बहुतेक पॉलिएस्टरचेच असतात, तेव्हा इथे स्वस्ताई आपल्या बाजूने आहे. कापडाच्या नावापुढचा डेनिअर हा आकडा धाग्याचा जाडेपणा सांगतो. ९००० मीटर धाग्याचं वजन ६८ ग्रॅम असेल तर तो ६८ डेनिअर. फ्लायला ६८-७५ आणि तळाला १५० च्या पुढे, असं असलं की गाडीच्या कामाला ठीक. सुती मिश्रणाचे जाड कॅनव्हासचे तंबू आत फार सुखाचे असतात, पण ते स्वस्त नसतात आणि ओले गुंडाळले तर चार दिवसांत बुरशी धरतात.

खांबांत जाडी पाहावी. सहा माणसांच्या तंबूला ९.५ मिमीपेक्षा बारीक फायबरग्लास नको, ११ मिमी असेल तर छान. फायबरग्लास मोडतो तो बहुधा मधे नाही, जोडावर. दांड्याचं टोक धातूच्या नळीत पूर्ण न बसता अर्धवट अडकलेलं असतं, खांब वाकवला की सगळा भार नळीच्या काठावर येतो, आणि दांडा उभा चिरत जातो. खांब हवेत झटकून आपोआप जुळवायची जी सवय असते, तिच्यातून हे हटकून होतं. प्रत्येक जोड हाताने दाबून बसवावा. खांब कापडाच्या बोगद्यातून ढकलावा, ओढू नये; ओढला की जोड आतल्या आत सुटतात आणि मग कापडाच्या आत चाचपत बसावं लागतं. चिरलेल्या फायबरग्लासची कुसळं हातात शिरतात, तेव्हा नुसत्या हाताने ते काम करू नये. वीतभर लांबीची, खांबावर सहज सरकेल अशी धातूची नळी आणि डक्ट टेपचा गुंडा जवळ असला की मोडलेला खांब उरलेला मुक्काम काढतो.

छत्रीसारखे उघडणारे 'दोन मिनिटांत उभे' तंबू मोहात पाडतात. ते खरंच लवकर उभे राहतात. पण त्यांचे खांब सुटे होत नाहीत, त्यामुळे पिशवी सव्वा मीटरपर्यंत लांब होते, आणि कितीतरी गाड्यांच्या डिकीत ती आडवी बसत नाही. शिवाय मधला सांध्याचा गोळा तुटला तर एक खांब बदलून भागत नाही. घ्यायचाच असेल तर डिकी मोजावी, आणि तो सांधा सुटा मिळतो का ते आधी विचारावं.

चार माणसांना दारं दोन हवीत, म्हणजे रात्री उठणाऱ्याला तिघांना ओलांडावं लागत नाही. दारापुढे फ्लायखाली निदान मीटरभर ओसरी असावी, चिखलाचे बूट तिथेच राहतात. त्या ओसरीत किंवा तंबूत शेगडी, कोळसे, गॅसचा हीटर यांपैकी काहीही पेटवायचं नाही. दार उघडं ठेवूनही नाही, पाऊस असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागं करत नाही. आगीचा धोका आहे तो वेगळाच.

चेनचे दात जाड असावेत आणि रनर एका हाताने पूर्ण वळणावरून फिरला पाहिजे. कोपऱ्यात अडकणारी चेन दुकानातच अडकते. जुन्या चेनचे दात मागे उघडे राहायला लागले तर दोष बहुधा रनरचा असतो: तो झिजून रुंदावलेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबल्या की तो पुन्हा कामाला लागतो. जोरात दाबला तर फुटतो.

तंबूच्या किमतीतून जे वाचेल त्यातला एक हिस्सा मेखांसाठी बाजूला ठेवावा. खोक्यात येणाऱ्या मेखा म्हणजे वाकवलेली तार. मऊ मातीत त्या उपसून येतात आणि कडक मातीत वाकतात. २५-३० सेंमी लांबीच्या पोलादी मेखा आणि किलोभराचा हातोडा असला की तोच तंबू वेगळाच वाटतो. वाळूत मात्र सळई काही धरत नाही. तिथे रुंद पन्हळीसारख्या मेखा लागतात, किंवा वाळू भरलेली पिशवी दोरीला बांधून आडवी पुरायची. मेखेचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं असावं. तणावा जमिनीशी साधारण ४५ अंशांत उतरावा, म्हणजे दीड मीटर उंचीवर बांधलेल्या दोरीची मेख दीड मीटर लांब. यातून एक हिशोब निघतो, जो पुष्कळांना मैदानात पोचल्यावर कळतो: ३ मीटरच्या तंबूला प्रत्यक्षात ६ मीटर जागा लागते. आखून दिलेल्या जागेवर मुक्काम असेल तर मोठा तंबू घेण्याआधी ती जागा किती आहे, ते विचारून घ्यावं.

तळाखाली ताडपत्री अंथरायची ती तंबूपेक्षा मोठी नव्हे, चारही बाजूंनी ५-८ सेंमी लहान. बाहेर डोकावणारी ताडपत्री फ्लायवरून ओघळलेलं पाणी झेलते आणि इमानेइतबारे तळाखाली नेऊन सोडते. कापावीशी वाटत नसेल तर कड आत दुमडावी.

नवा तंबू घरी, अंगणात किंवा गच्चीवर एकदा उभा करावा. गच्चीवर मेखा चालत नाहीत, तिथे पाण्याचे कॅन बांधायचे. मग पाण्याच्या पाइपने वीसेक मिनिटं वरून आणि चारी बाजूंनी तिरका मारा करायचा, एकाने आत बसून झिरपणाऱ्या जागांवर खडूने खुणा करायच्या. वाळल्यावर त्या जागी कोटिंग असलेल्या बाजूने सीलर लावून तो एक दिवस सुकू द्यायचा, वर थोडी टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे घडीत चिकटत नाही. याच वेळी कमी असलेला खांब किंवा शिवणीतला दोषही दिसतो, आणि तो बदलून घ्यायला वेळ असतो.

जुना तंबू घेणं हा ऐसपैस आणि स्वस्त यांचा सगळ्यांत जवळचा रस्ता आहे, पण पिशवी उघडताच नाक पुढे करावं. आंबट, ओकारीसारखा वास आणि हाताला चिकटपणा, म्हणजे ओलाव्याने पीयू कोटिंग कुजलं आहे. पुढची पायरी म्हणजे पांढरे पापुद्रे. हे धुऊन जात नाही. असा तंबू फुकट मिळाला तरी घेऊ नये. वास नसेल तर फ्लायचा छपराजवळचा भाग दोन्ही हातांत धरून जरा ताणून पाहावा. उन्हाने खाल्लेलं कापड कागदासारखं टरकतं.

तोच आजार आपल्या तंबूला लागू नये म्हणून मुक्कामाहून आल्यावर एक-दोन दिवसांत तो पसरून पूर्ण वाळवायचा, तळाची खालची बाजू सगळ्यांत शेवटी, कारण तीच फसवते. कंपनीची तंग पिशवी प्रवासापुरती. घरात तो मोठ्या सुती पिशवीत सैल भरून ठेवायचा. खांब मोडताना टोकापासून नाही, मधल्या जोडापासून सुरुवात करायची, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर दोन्हीकडे सारखा ताण राहतो. मेखा पुसून, मोजून पिशवीत टाकायच्या. एखादी कमी भरली तर ती तिथेच गवतात उभी असते, आणि पुढच्या कोणाच्या तरी अनवाणी पायाला सापडते.